'पुरे' म्हणायला शिकलेली मोटारसायकल

मागे एकदा आमचे एक शिक्षक मित्र वडिलांची जुनी मोटारसायकल घेऊन आमच्याकडे आले. गाडी ब्रिटिश बनावटीची, १९६० च्या दशकातली. मोठ्या हौसेने तिला नवा रंग दिलेला. मात्र दोन महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या फुगून निकामी झाल्या होत्या. 'बॅटरीच खराब लागली,' असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले होते. आम्ही बॅटरीच्या टोकांना व्होल्टमीटर जोडला आणि इंजिनाचा वेग वाढवला. काटा १६ व्होल्टच्या पुढे गेला. बॅटरी उपाशी नव्हती, तिला अजीर्ण झाले होते!

हे अजीर्ण समजून घ्यायचे, तर थोडे मागे जावे लागेल. शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भारित करता येणारी बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. तिच्या एका घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट असते. म्हणून सहा घटांची '१२ व्होल्ट' बॅटरी पूर्ण भारित असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ती भारित करताना १४ ते १४.५ व्होल्ट लागतात. विभवांतर याहून बरेच वाढले की आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडू लागतात. म्हणजे बॅटरीच्या दोन अटी आहेत. धारा एकाच दिशेने हवी आणि ती बेताची हवी. मोटारसायकलच्या विद्युतयंत्रणेचा इतिहास हा या दोन अटी पाळण्याचा इतिहास आहे.

सुरुवातीच्या डायनामोत पहिली अट दिक्परिवर्तक आणि कार्बनचे ब्रश पाळत. दुसरी अट पाळण्यासाठी एका डबीत दोन विद्युतचुंबक असत. इंजिन मंदावून डायनामोचे विभवांतर बॅटरीपेक्षा कमी झाले, की पहिला विद्युतचुंबक दोघांमधली जोडणी तोडे. नाही तर बॅटरी उलट डायनामोतच रिकामी झाली असती. विभवांतर जास्त वाढले, की दुसरा डायनामोच्या क्षेत्र-वेटोळ्यात रोध घालून त्याचे चुंबकत्व कमी करी. जुने मिस्त्री या डबीला 'कटआउट' म्हणत.

ब्रश झिजत आणि डबीतले संपर्क जळत. म्हणून इंग्लंडमधल्या ट्रायम्फ कंपनीने १९५३ मध्ये 'स्पीड ट्विन' या गाडीला लुकास कंपनीचा आल्टरनेटर बसवला. त्यात कायमचुंबक फिरतो आणि वेटोळी स्थिर राहतात. ब्रश नाहीत, झीज नाही. पण आता दोन्ही अटी मोडल्या. धारा प्रत्यावर्ती झाली आणि कायमचुंबकाचे चुंबकत्व तर कमी करता येत नाही.

पहिल्या अडचणीचे उत्तर अर्धवाहकांनी दिले. काही स्फटिकांतून धारा एकाच दिशेने सहज वाहते, हे फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्ये दाखवले होते. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्याच खनिजाचा उपयोग विद्युतचुंबकीय तरंग ओळखण्यासाठी केला आणि १९०४ मध्ये त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. मोटारसायकलमध्ये प्रथम सेलेनियमच्या चकत्यांचा एकदिशकारक आला. पुढे त्याची जागा सिलिकॉनने घेतली.

दुसऱ्या अडचणीवर आधी काढलेला तोडगा अगदी ढोबळ होता. दिव्याचे बटण फिरवले की कमी-जास्त वेटोळी वापरात येत. बॅटरी भरली आहे की रिकामी, हे त्या बटणाला काय कळणार? १९६० च्या दशकात १२ व्होल्टच्या गाड्यांना झेनर डायोड मिळाला. विभवांतर सुमारे १४ व्होल्टपर्यंत चढले की तो वाहू लागतो आणि जादा धारा स्वतःतून गाडीच्या सांगाड्याकडे वळवतो. ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून तो अ‍ॅल्युमिनियमच्या जाड तुकड्यावर बसवलेला असतो. गंमत अशी, की क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये मांडलेली प्रक्रिया मुख्यतः पाच-सहा व्होल्टच्या खालीच प्रभावी असते. १४ व्होल्टला काम करते ती वेगळी, हिमस्खलनासारखी प्रक्रिया. नाव मात्र झेनर यांचेच राहिले.

आता मित्राच्या गाडीकडे वळू या. झेनर डायोड शाबूत होता. पण तो जिथे सांगाड्याला टेकतो, तिथेही नव्या रंगाचा थर चढला होता. रंग विद्युतरोधक! जादा धारेला वाटच उरली नव्हती. पूर्वीच्या उघड्या बॅटरीत निदान ऊर्ध्वपातित पाणी तरी भरता येई. नव्या बंदिस्त बॅटरीत तीही सोय नाही. आम्ही रंग खरवडला, बोल्ट घट्ट केला. काटा १४.३ वर येऊन थांबला.

डायोड खरोखरच जळला असेल, तर आज एकदिशकारक आणि नियंत्रक एकाच डबीत मिळतात. ती बसवण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. हे न पाहता तारा जोडल्यास नवी डबी क्षणात जळू शकते. डबी धातूच्या उघड्या पृष्ठभागावर बसवावी, म्हणजे ती थंड राहील. बॅटरी बाहेर काढून भारित करायची तर धारा तिच्या क्षमतेच्या दशांशाइतकी ठेवावी, म्हणजे ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.८ अँपिअर. जागा हवेशीर असावी आणि जवळ ठिणगी नसावी.

वर्गात यातला पहिला भाग सहज दाखवता येईल. सायकलच्या डायनामोला २२० ओहमच्या रोधातून एक लाल आणि एक हिरवा एलईडी परस्परांना समांतर, पण उलट दिशेने जोडा. अंधारात चाक फिरवत दोन्ही दिवे झपकन बाजूला हलवा. लाल आणि हिरव्या तुटक रेषा आळीपाळीने दिसतील. मग विद्यार्थ्यांना विचारा, 'ही धारा बॅटरीला चालेल का?' उत्तर आले की पुढचा प्रश्न विचारा, 'आणि तिला पुरे कोण म्हणणार?'