मनीऑर्डरीची पोच

वृद्ध आईवडिलांची खुशाली यंत्राने रोज ठरल्या वेळी दूरध्वनी करून विचारावी, ही कल्पना अगदी आजची, असा समज दिसतो. वस्तुतः अमेरिकेतील काही पोलीस ठाण्यांत ती गेल्या शतकाच्या अखेरीसच रुजली होती. संगणक नंबर फिरवतो. वृद्धाने फोन उचलला की नोंद होते, न उचलल्यास पुन्हा प्रयत्न होतो आणि शेवटी माणूस घरी पाठवला जातो. आम्हांस मात्र या व्यवस्थेची आपल्याकडील पूर्वपीठिका टपालाच्या इतिहासात दिसते, आणि त्यासाठी वडूजसारखे गाव पाहणे उपयोगाचे ठरते.

वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे (नाव खटावचे, कचेरी वडूजला). हा मुलूख अवर्षणाचा. येथले तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातील अनेक कुटुंबे सोनेचांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायात देशभर पांगली. गावी म्हातारी माणसे उरली.

त्यांचा आणि मुलांचा दुवा म्हणजे 1880 साली सुरू झालेली मनीऑर्डर. साहित्याचे अभ्यासक पत्रांकडे पाहतात, फॉर्मच्या पोचेकडे पाहत नाहीत. पोस्टमन पैसे घरी आणून हातावर ठेवी, सही किंवा अंगठा घेई, आणि तो कागद पाठवणाऱ्याकडे परत जाई. निरक्षर आईचे पत्र दुसऱ्याच्या हातचे असे. ‘येथील सर्व क्षेम’ हा मायना आजारपणातही तसाच उमटे. अंगठा तिचा स्वतःचा. चाळीतल्या मुलासाठी महिन्यातून एकदा येणारा हयातीचा दाखलाच तो. शिवाय पोस्टमन दारात उभा राहून तिला पाहून जाई.

त्या काळी मौनाचे भय नव्हते. पत्र नाही म्हणजे सारे ठीक. धडकी भरे ती तारेने. यंत्राच्या फोनने हा अर्थ उलटा केला: उत्तर आले तर काही घडलेले नाही, आणि मौन हीच वार्ता. मिस्ड कॉल देऊन ‘पोहोचलो’ कळवणाऱ्या पिढीला ही भाषा अपरिचित नसावी.

तार 15 जुलै 2013 रोजी बंद झाली, जुन्या पद्धतीची मनीऑर्डर 2015 साली. त्याआधीच 2007 चा ज्येष्ठ नागरिकांविषयीचा कायदा आला. त्याखालील केंद्राच्या आदर्श नियमांत पोलिसांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवावी, महिन्यातून किमान एकदा भेट द्यावी, असे सुचवले आहे. म्हणजे पुन्हा पोस्टमनचीच पाळी. 2021 साली देशभर सुरू झालेल्या 14567 या हेल्पलाइनला फोन लावण्याचे काम वृद्धाकडेच राहते, आणि घरात पडलेल्या माणसाला तेच जमत नाही. तेथे रोजचा यांत्रिक फोन निश्चितच सरस. अंगठ्याची वाट पाहण्यात महिना जाई.

अडचण आहे ती पुढच्या टप्प्याची. फोन उचलला गेला नाही, ही सूचना कोइंबतूरच्या गलाईवाल्या मुलाला मिळून काय होणार? दार वडूजला आहे. अमेरिकेत नाव नोंदवताना घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते हे विचारून ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे मुलाच्या नंबराखाली शेजाऱ्याचा नंबर लिहावा लागेल, आणि त्याला आधी विचारावेही लागेल.