कबुलीजबाबाचा संकेत : दूरचित्रवाणीवरील तपासकथेच्या समाप्तीविषयी

गुप्तहेरकथेच्या पोटात दोन कथा नांदत असतात, असे त्स्वेतान तोदोरोव याने १९६६ साली या साहित्यप्रकाराचे वर्गीकरण करताना दाखवून दिले. एक कथा गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली असते, पण संहितेत अनुपस्थित असते. दुसरी संहितेत उपस्थित असते, पण पहिलीपर्यंत वाचकाला पोचवणे एवढेच तिचे प्रयोजन असते. या मांडणीतून एक प्रश्न निघतो आणि तो दूरचित्रवाणीच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. अनुपस्थित कथा अखेरीस उपस्थित करायची ती कोणाच्या मुखातून? मुद्रित रहस्यकथेने याचे उत्तर फार पूर्वीच ठरवून टाकले होते : संशयितांना एका दालनात बसवून गुप्तहेरच ती सांगतो. निवेदनाचा अधिकार बुद्धीकडे असतो. भारतीय दूरचित्रवाणीवर मात्र हा अधिकार हळूहळू गुन्हेगाराच्या जिभेकडे गेला. हे स्थित्यंतर वरवर पाहता निर्मितीच्या सोयीचे दिसते. त्याचे परिणाम मात्र सोयीपुरते राहिलेले नाहीत.

अमेरिकन दूरचित्रवाणीच्या पहिल्या दोन दशकांतच समाप्तीचे तीन भिन्न प्रघात रूढ झालेले आढळतात. नभोवाणीवरून आलेल्या 'ड्रॅगनेट'मध्ये (१९५१–५९) गुन्हेगार सापडला म्हणजे कथा संपत नसे; खटल्याचा निकाल काय लागला, हे एका कोरड्या आवाजात सांगितल्यावर ती संपे. शेवटचा शब्द न्यायालयाचा असे. 'पेरी मेसन'मध्ये (१९५७–६६) कबुलीजबाब आहे आणि तो अत्यंत नाट्यपूर्ण आहे. पण तो न्यायाधीशासमोर, उलटतपासणीच्या दडपणाखाली, साक्षीच्या पिंजऱ्यातून वा प्रेक्षकांच्या बाकावरून दिला जातो. १९७१ पासून नियमित मालिकेच्या रूपात आलेल्या 'कोलंबो'ने तर कबुलीजबाबाचे माहितीमूल्यच काढून घेतले. खून कोणी केला हे प्रेक्षक आरंभीच पाहतो. ही उलटी रचना आर. ऑस्टिन फ्रीमन याने १९१२ च्या 'द सिंगिंग बोन' या संग्रहात योजलेली होती. येथे शेवटचा शब्द बहुधा एखाद्या वस्तूचा असतो, गुन्हेगाराला नाकारता न येणाऱ्या पुराव्याचा.

भारतीय दूरदर्शनवर हा प्रकार आला तो प्रथम खासगी गुप्तहेराच्या रूपाने. 'करमचंद' (१९८५) या पंकज पराशर दिग्दर्शित मालिकेत गाजर खाणारा नायक आणि त्याची सहायक किटी यांच्या लकबींनाच अधिक महत्त्व होते. तपास हे निमित्त होते. १९९३ साली आलेल्या बासू चॅटर्जी यांच्या 'ब्योमकेश बक्षी'चे प्रकरण वेगळे आहे. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो. आणि सत्य कळणे व अपराध्याला पोलिसांच्या हवाली करणे या दोन गोष्टी त्याच्या लेखी एक नाहीत. 'आदिम रिपू' या कथेत तर तो खुन्याला सोडून देतो. सत्याची समाप्ती आणि न्यायाची समाप्ती यांतील ही फट पुढच्या काळातल्या मालिकांनी बुजवून टाकली.

ती कशी बुजली, हे पाहण्यासाठी मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेकडे वळावे लागते. दूरदर्शनवर वृत्तछायाचित्रणाचा अनुभव घेतलेल्या बी. पी. सिंग यांनी ती केली होती आणि शिवाजी साटम तिच्यात होते. मालिकेचे नावच पोलीस नियंत्रण कक्षाच्या दूरध्वनी क्रमांकाचे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर पोसलेल्या मराठी अभिरुचीच्या दृष्टीने हा पालट लहान नव्हता. अर्नाळकरांचे हे नायक कायद्याच्या चौकटीबाहेर उभे राहून न्याय करतात. येथे नायकत्व खुद्द पोलीस ठाण्याकडे आले. याच दिग्दर्शकाने आणि याच नटाने पुढे २१ जानेवारी १९९८ पासून 'सोनी'वर 'सीआयडी' आणली. २०१८ पर्यंत ती चालली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. एवढे दीर्घायुष्य लाभलेल्या मालिकेकडे समीक्षेने केवळ विनोदाचा विषय म्हणून पाहावे, हे काहीसे आळसाचे लक्षण आहे.

'सीआयडी'तील प्रकरणाची रचना सर्वपरिचित आहे : प्रेत, प्रयोगशाळा, फसवा संशयित, तोडलेला दरवाजा, दयाची थप्पड आणि मग कबुलीजबाब. प्रद्युम्न आरोप मांडू लागतो, गुन्हेगार नाकारतो, नाकारणे एकाएकी कोसळते आणि उरलेली कथा तो स्वतः सांगतो. त्याचे सांगणे सुरू होताच पडद्यावर फ्लॅशबॅक येतो. यातील कथनमीमांसेचा मुद्दा असा की, बोललेल्या वाक्याला कर्ता असतो, पुरुष असतो. ते खोटे असू शकते. चित्राला व्याकरणातला पुरुष नसतो. 'त्याने असे सांगितले' याचे रूपांतर 'असे घडले' यात होते, आणि हा पालट प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाही. हिचकॉकने १९५० च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये खोटा फ्लॅशबॅक दाखवला तेव्हा त्याच्यावर फसवणुकीचा ठपका आला, तो याच विश्वासामुळे. त्याच वर्षीच्या 'राशोमोन'मध्ये कुरोसावाने दरोडेखोराचा कबुलीजबाब दाखवला, पण त्याला अन्य जबान्यांच्या पंक्तीत बसवून त्याचे अंतिमत्व काढून घेतले. मालिकेला असली चैन परवडत नाही. ठरलेल्या वेळात कथा मिटवायची असते. ७ नोव्हेंबर २००४ चे 'सीआयडी'चे १११ मिनिटांचे प्रकरण एकाच अखंड चित्रणात घेतलेले होते. त्याची नोंद विक्रम म्हणून झाली. परंतु रूपबंधाच्या दृष्टीने त्याचे खरे वेगळेपण असे की, काट नसल्यामुळे फ्लॅशबॅकचा नेहमीचा मार्गच तेथे बंद झाला होता.

हा संकेत ज्या समाजात रूढ झाला त्याच्या कायद्यात मात्र नेमकी उलट धारणा आहे. पोलीस अधिकाऱ्यापाशी दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही, असे १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम २५ सांगत होते. मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीचा १८५५ चा अहवाल आणि पोलिसांविषयीचा वसाहतकालीन अविश्वास या तरतुदीमागे होता. पुढचे कलम २७ याहून सूचक होते : आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू वा वस्तुस्थिती उघड झाली, तर त्या शोधाशी निगडित तेवढाच भाग ग्राह्य. कायदा जिभेवर नव्हे, वस्तूवर विश्वास ठेवतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही कलम २३ मध्ये हीच व्यवस्था कायम राखली आहे. तात्पर्य, 'सीआयडी'तील प्रकरण जेथे संपते तेथे खटल्याच्या दृष्टीने फारसे काही सिद्ध झालेलेच नसते. न्यायालय या मालिकेत जवळजवळ दिसत नाही. तरी फाशीची शिक्षा प्रद्युम्न जागच्या जागीच जाहीर करतो.

येथे कार्यकारणभाव जोडण्याची घाई करू नये. कालक्रम मात्र नजरेआड करण्याजोगा नाही. अटक व कोठडी यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात घालून दिली ती १८ डिसेंबर १९९६ रोजी. त्यानंतर तेरा महिन्यांनी 'सीआयडी' सुरू झाली. संघटित गुन्हेगारीसंबंधीचा 'मोक्का' हा कायदा महाराष्ट्राने केला १९९९ मध्ये. त्याच्या कलम १८ ने अधीक्षक दर्जाच्या वा त्यावरील पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब काही अटींवर ग्राह्य ठरवला. १९९५ साली लोपलेल्या 'टाडा'तही तशी तरतूद होती. मुंबईतील टोळ्यांच्या त्या दशकात कबुलीजबाबाविषयीचा जुना संशय कायद्यातही विरळ होत होता. मालिकेने तो घालवला नसेल. तो नसलेले जग तिने घराघरांत परिचित केले, इतके निश्चित म्हणता येते.

पुढे २००३ पासूनच्या 'क्राइम पेट्रोल'मध्ये सूत्रधार आला आणि समाप्तीचा अधिकार काही अंशी त्याच्या उपदेशाकडे गेला. मराठीत 'देवमाणूस'ने (२०२०–२१) 'कोलंबो'ची उलटी रचना दैनंदिन मालिकेच्या लांबणीला जोडली. खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक, गावाला मात्र तो देवमाणूस. अशा रचनेत खुन्याच्या तोंडून नवे असे काहीच कळायचे नसते. तरीही त्याच्या कबुलीची वाट पाहण्याची सवय प्रेक्षकात उरतेच. कारण एव्हाना ही कबुली माहितीसाठी हवी नसून शिक्षेचा पहिला हप्ता म्हणून हवी असते.