सावकाशीचा भार : किसोची वाट आणि गिन्झाची कॉफी

जपानच्या जुन्या गावांतून पायी फिरावे, हिनोकी वृक्षांच्या सावलीत थांबावे आणि संध्याकाळी एखाद्या लहानशा कॉफीहाऊसात तासभर बसावे, अशा प्रवासाची वर्णने अलीकडे विपुल वाचावयास मिळतात. सावकाशी हा जणू जपानी स्वभावाचाच गुण आहे, असे त्यांत बहुधा गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज आम्हाला वाटते. सावकाशीलाही इतिहास असतो. ती कोणाच्या वाट्याला आली आणि तिचा भार कोणी वाहिला, हे प्रश्न त्या इतिहासाचाच भाग असतात.

आज निवांत भ्रमंतीसाठी प्रसिद्ध असलेली किसो दरीतील वाट ही एदो आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणाऱ्या नाकासेन्दो या राजमार्गाचा भाग होती. या मार्गावर ६९ ठाणी होती. समुद्रालगतच्या तोकाईदोवर ५३. १६३५ साली तोकुगावा शासनाने मांडलिक सरदारांना आळीपाळीने एदोत येऊन राहण्याची सक्ती केली आणि त्यांचे लवाजमे या रस्त्यांवरून सतत ये-जा करू लागले. रस्ते झाले ते मुख्यतः सत्तेच्या सोयीसाठी. किसो-फुकुशिमाच्या नाक्यावर दस्तक तपासले जाई. एदोकडे बंदुका जाऊ नयेत आणि तेथे ओलीस असलेल्या सरदारांच्या स्त्रिया निसटू नयेत, हा त्यामागचा हेतू. स्त्रियांची तपासणी त्यामुळे विशेष कडक असे.

याच व्यवस्थेच्या फटींतून सामान्यांचा प्रवास वाढला. तीर्थयात्रेच्या निमित्ताने परवाना मिळवून माणसे बाहेर पडत आणि वाटेत हवे ते पाहून घेत. दोन ठाण्यांच्या मधे चहाघरे असत. तेथे टेकावे, घोटभर चहा घ्यावा आणि पुढचा घाट चढावा. १६८८ च्या शरद ऋतूत बाशो याच किसोच्या वाटेने साराशिनाचा चंद्र पाहावयास गेला. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला, तेव्हापासून बाशो आपल्या अभ्यासक्रमांनाही परिचित आहे. परंतु त्याच्या पायांखालचा रस्ता मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतो.

तो रस्ता वेठीवर चालत होता. नाकासेन्दोवरील ठाण्यांनी सरकारी कामासाठी सर्वसाधारणपणे ५० माणसे व ५० घोडे सज्ज ठेवावेत असा नियम होता. किसो दरीतील ठाण्यांना ही संख्या २५ होती. ती अपुरी पडली की आसपासच्या खेड्यांवर ‘सुकेगो’ नावाची वेठ लादली जाई. पेरणी असो वा कापणी, माणूस आणि जनावर रस्त्यावर हजर व्हावे लागे. या वाढत्या वेठीविरुद्ध १७६४ साली नाकासेन्दोलगतच्या शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला. तरीही १८६१ साली राजकन्या काझुनोमिया विवाहासाठी एदोला निघाली, तेव्हा तिच्या हजारोंच्या लवाजम्याचा भार पुन्हा याच खेड्यांच्या खांद्यांवर आला.

या सगळ्याचा साहित्यातील महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे शिमाझाकी तोसोन. १८७२ साली मागोमे येथे जन्मलेल्या या लेखकाचे घराणे तेथील सरदारांच्या उताऱ्याची व्यवस्था पाहणारे. १९२९ ते १९३५ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘योआके माए’ (पहाटेपूर्वी) या कादंबरीचा नायक हान्झो हा तोसोनच्या वडिलांवरून रेखाटलेला आहे. किसोचे अरण्य ओवारी संस्थानाने राखीव केले होते. हिनोकीसारख्या पाच जातींची झाडे तोडण्यास रयतेला बंदी होती आणि एका झाडामागे एक शिर, असे लोक म्हणत. नवी राजवट हे रान लोकांना परत देईल, अशी हान्झोची श्रद्धा असते. मेइजी शासन बंदी अधिकच घट्ट करते, त्याचे पद जाते आणि अखेर तो कोंडवाड्यात, भ्रमिष्ट अवस्थेत मरतो. आजचा प्रवासी ज्या वनश्रीने मोहून जातो, तिच्यामागे ही बंदीही उभी आहे.

१९११ साली मध्यवर्ती रेल्वेमार्ग किसो दरीतून पूर्ण झाला आणि जुन्या ठाण्यांचा व्यवसाय बुडाला. त्याच वर्षी टोकियोच्या गिन्झा भागात ‘काफे पाउलिस्ता’ उघडले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. पण थांबण्याची जागा घाटातून शहरात सरकत होती, हे त्यांतून दिसते. कॉफीहाऊसाला जपानीत ‘किस्सातेन’ म्हणतात. शब्दशः अर्थ चहापानाचे दुकान. कॉफीच्या दुकानाने नावात चहा जपला. पाउलिस्तात पाच सेनला एक पेला मिळे, आणि अकुतागावासारखे लेखक तेथे येत.

ही स्वस्ताईही कोणाच्या तरी कष्टांतून आली होती. पाउलिस्ताचा संस्थापक मिझुनो र्यो याने १९०८ साली ‘कासातो मारू’ या जहाजातून ७८१ जपानी स्थलांतरितांना ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांत पाठविले होते. साओ पाउलोच्या सरकारने प्रचारासाठी त्याला कॉफीचे दाणे मोफत दिले. मळ्यांत मिळकत तुटपुंजी होती. कित्येकांनी काही महिन्यांतच मळे सोडले. गिन्झातील निवांत पेला त्या मळ्यांशी असा जोडलेला होता.

म्हणून तो निवांतपणा खोटा ठरतो, असे आम्ही म्हणत नाही. मुख्य वाहतुकीपासून दूर पडलेल्या त्सुमागोच्या रहिवाशांनी १९७१ साली आपली घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत असा ठराव केला. १९७६ साली शासनाने गावाला संरक्षित दर्जा दिला. ज्या खेड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या प्रवासाचे ओझे वाहिले, त्यांनी येथे आपल्या रस्त्याचे काय व्हावे हे प्रथमच स्वतः ठरविले. मागोमेहून त्सुमागोपर्यंतची आठेक किलोमीटरची वाट आज कोणीही दस्तकावाचून चालू शकतो. प्रवासवर्णन शिकविताना ‘योआके माए’ शेजारी ठेवावी, ही आमची सूचना एवढ्याचसाठी आहे : वाटेचे सौंदर्य वाचताना ती वाट राखणारी माणसेही वाचली जावीत.