वादळाचं नाव समुद्रावर, पाणी भामरागडात

पावसाळ्यात पर्लकोटाच्या पुलावर पाणी चढलं की पेपरात बातमी येते, "भामरागडचा संपर्क तुटला." तीन शब्द. खाली दोन ओळींत पाऊस किती मिलिमीटर झाला ते, आणि विषय संपला. ते पाणी आलं कुठून, हे कुणी लिहीत नाही. अनेकदा तर त्या दिवशी गावात धड पाऊसही नसतो. आभाळ उघडं आणि बाजारात टोंगळाभर पाणी!

मित्रांनो, या पाण्याचा इतिहास शोधायचा तर आपल्याला जंगलातून थेट समुद्रावर जावं लागतं.

आपली पामुलगौतमी आणि पर्लकोटा इथं इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती पुढं सिरोंचा तालुक्यात सोमनूरला गोदावरीला मिळते. गोदावरी भद्राचलम, राजमहेंद्री करत बंगालच्या उपसागराला भेटते. तिथं तिच्या एका फाट्याचं नाव गौतमीच आहे. त्या मुखाजवळ, आजच्या काकीनाड्यापासून जवळ, कोरिंगा नावाचं भरभराटीचं बंदर होतं. डिसेंबर १७८९ मध्ये चक्रीवादळ आलं, समुद्राच्या लाटा गावात घुसल्या आणि बहुतेक वस्ती वाहून गेली. लोकांनी पुन्हा घरं बांधली. नोव्हेंबर १८३९ मध्ये पुन्हा तेच. त्या वेळच्या मृतांचा आकडा तीन लाख सांगितला जातो. मला तो फुगलेला वाटतो, पण बंदर त्यानंतर पुन्हा उभं राहिलं नाही एवढं खरं.

याच वादळांच्या नोंदी कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा एक इंग्रज गोळा करत होता. वारा सापाच्या वेटोळ्यासारखा फिरतो म्हणून ग्रीक भाषेतून त्यानं 'सायक्लोन' हा शब्द घडवला. म्हणजे जगभर वापरला जाणारा हा शब्द आपल्याच उपसागराच्या काठावर जन्मला. पुढं १८६४ मध्ये कलकत्ता वादळानं झोडपलं, मग दुष्काळ पडले, आणि १८७५ मध्ये हवामान खातं स्थापन झालं. मोबाइलवर येणारा 'रेड अलर्ट' याच खात्याचा. त्याची मुळं समुद्रकाठच्या मरणांत आहेत.

आता मुद्दा आपला. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात. पावसाळ्यात उंचावरचे वारे जोरात असल्यानं ते बहुधा पूर्ण चक्रीवादळ बनत नाहीत. म्हणून त्यांना नावही मिळत नाही. नाव मिळायला वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या वर जावा लागतो. पण पाणी त्यांच्या पोटात भरपूर असतं. ओडिशाच्या किनाऱ्यावर चढून ते वायव्येकडं सरकतात, छत्तीसगड ओलांडतात. आणि गंमत बघा, अशा पट्ट्याचा सगळ्यात जोराचा पाऊस मध्यावर नसतो, त्याच्या नैऋत्येला असतो. केंद्र छत्तीसगडावर आलं की नैऋत्येला कोण? बस्तर आणि आपण.

बस्तरात पडलेलं पाणी इंद्रावतीत येतं. इंद्रावती तुडुंब भरली की पर्लकोटा आणि पामुलगौतमीच्या पाण्याला पुढं जायला जागा उरत नाही. ते मागं फुगतं. गाव नेमकं या नद्यांच्या बेचक्यात. सप्टेंबर २०१९ मध्ये हेच झालं. बाजारपेठ, घरं, सरकारी कचेऱ्या सगळं पाण्यात. जुलै २०२२ मध्ये खाली सिरोंचाकडं गोदावरी-प्राणहितेनं गावंच्या गावं वेढली. १६ जुलैला भद्राचलमला पाणी ७१.३ फुटांवर गेलं होतं. त्याहून जास्त फक्त १९८६ मध्ये, ७५.६ फूट.

म्हणजे आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलो तरी समुद्राच्या तब्येतीवर जगतो. नाव मिळालेल्या वादळाचंही तसंच. सप्टेंबर २०२१ मधलं 'गुलाब' आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं आणि धिंगाणा घातला मराठवाड्यात.

किनाऱ्यानं यातून काय केलं ते बघा. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर तिथं गावोगावी निवारे बांधले, स्वयंसेवक तयार केले, इशारा शेवटच्या झोपडीपर्यंत जाईल अशी साखळी लावली. २०१३ मध्ये 'फायलिन' आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली होती. मृत्यू काही डझनांत राहिले. वादळ कमी जोराचं नव्हतं. फरक पडला तो आधीच्या चौदा वर्षांतल्या कामानं.

आपल्याकडं काहीच होत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पावसाळ्याआधी दुर्गम गावांत तीन-चार महिन्यांचं धान्य पोचवतात. दिवस भरत आलेल्या बायांना आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणायची सोय आहे. पर्लकोटावर उंच पुलाचं कामही हाती घेतलं गेलं. पण ही सगळी तयारी हंगामाची आहे, त्या रात्रीची नाही. आलापल्ली इथून साठ-पासष्ट किलोमीटर. पूल बुडाला की हेच अंतर नकाशापुरतं उरतं. मग साप चावलेला माणूस डोंग्यातून न्यायचा की पाणी उतरायची वाट बघायची, हे घरच्यांनी अंधारात ठरवायचं. त्यात टॉवरही बंद पडलेला असतो.

जगदलपूरला चढलेलं इंद्रावतीचं पाणी आपल्याकडं तासाभरात येत नाही. मध्ये वेळ असतो. पर्लकोटाचं पाणी मात्र पखांजूरकडून जवळून येतं, ते लवकर चढतं. दोन्ही नद्यांचं वरचं खोरं दुसऱ्या राज्यात. जिल्ह्याचा अलर्ट आपल्याला 'मुसळधार पावसाची शक्यता' सांगतो. दुकानदाराला हवं असतं वेगळंच. आज रात्री पाणी चौकापर्यंत येणार की दुकानापर्यंत? माल माळ्यावर टाकायचा की नाही?

एक गोष्ट जाता जाता. मुलचेरा, चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांतले जुने लोक पूर्व बंगालच्या नदी-खाड्यांच्या मुलखातून आले. वादळ आणि पूर त्यांच्या घरच्या गोष्टींत आहे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांशी बसून बोला, पाणी ओळखायच्या खुणा ऐकायला मिळतील. आपल्या माडिया म्हाताऱ्यांकडंही अशा खुणा असतील, नदीच्या रंगाच्या, वाहून येणाऱ्या लाकडांच्या. कुणी लिहून ठेवल्यात का?

जूनच्या आधी ग्रामसभा होतील. तिथं एवढं विचारा: वरच्या खोऱ्यातली पाणीपातळी रोज किती वाजता, कुणाच्या फोनवर येणार? फोन बंद असेल तर भोंगा कोण वाजवणार? आणि मागच्या पुराच्या उंचीची खूण चौकातल्या भिंतीवर रंगवायला कुणाची परवानगी लागते?