ग्रंथपालाची दीक्षा

औंढा नागनाथ हें नांव घेतलें कीं मराठी माणसाला नामदेवांची आठवण होते. संतमंडळींत गोरोबाकाकांनीं हातीं थापटणें घेऊन एकेकाचें डोकें पारखलें आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा घरोघर ठाऊक आहे. भक्ति उदंड, पण गुरूपदेश नाहीं, एवढीच काय ती उणीव. ती भरून काढण्यास नामदेव औंढ्यास आले व तेथें विसोबा खेचरांनीं त्यांना दीक्षा दिली, असें परंपरा सांगते. श्रोतेहो, आजचा माझा विषय देवळाचा नसून ग्रंथालयाचा आहे. परंतु या कथेचें मर्म त्यालाही लागू पडतें. आपल्या ग्रंथालयांना प्रेम करणारीं माणसें पुष्कळ मिळालीं. त्यांना शिकवून तयार करण्याचें काम मात्र नेहमीं मागें राहिलें.

त्या कामाचें महत्त्व प्रथम ओळखलें तें एका मराठी राजानें. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीं १९०६ सालीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. शाळा सोडतांच मूल अक्षरें विसरूं लागलें तर सारा खर्च पाण्यांत जाणार, हें त्यांनीं जाणलें. अमेरिकेंतील सार्वजनिक ग्रंथालयें ते पाहून आले होते. म्हणून १९१० सालीं विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनीं बडोद्यास बोलाविलें, आणि १९११ सालीं बोर्डेन यांनीं ग्रंथालयसेवकांचा शिक्षणवर्ग उघडला. हिंदुस्थानांतील अशा वर्गांत पहिला मान त्यालाच दिला जातो. १९१२ पासून 'लायब्ररी मिसलेनी' हें त्रैमासिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघूं लागलें. ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडीं फिरूं लागल्या. १९१३ सालीं बोर्डेन मायदेशीं परतले, तरी जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारखीं माणसें तयार झालीं असल्यामुळें काम थांबलें नाहीं.

पुस्तकें कपाटांत लावण्यास शिक्षण कशाला, असें कोणी विचारील. त्यानें ज्ञानेश्वरी हातीं घ्यावी. ती धर्मांत ठेवावी, तत्त्वज्ञानांत कीं मराठी काव्यांत? अमेरिकेच्या मेल्विल ड्युई यांनीं १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतींत धर्माला २०० ते २९९ हे आंकडे दिलेले. त्यांतले बहुतेक ख्रिस्ती धर्माकडे गेले आणि इतर सर्व धर्मांची बोळवण २९० च्या दशकांत झाली. ती चौकट डोळे मिटून उचलली तर आपलें संतवाङ्मय एका कोपऱ्यांत कोंबलें जातें. बोर्डेन यांनीं बडोद्यासाठीं निराळी वर्गीकरणपद्धति रचली. मद्रासच्या रंगनाथन् यांनीं १९३३ सालीं आपली द्विबिंदु पद्धति जगापुढें मांडली. जाणता सेवक कपाटांत प्रत एकच ठेवतो, पण तालिकेंत तिच्या तीन नोंदी करतो. म्हणजे वाचक कोणत्याही वाटेनें आला तरी त्याला ज्ञानेश्वरी सांपडते. न शिकलेल्याच्या हातीं पुस्तक असूनही नसल्यासारखेंच.

रंगनाथन् हे मुळांत गणिताचे अध्यापक. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, विलायतेंत जाऊन ही विद्या शिकले, आणि १९२९ पासून मद्रासेंत ती इतरांस शिकविण्याची सोय झाली. मुंबई विद्यापीठानें १९४४ सालीं ग्रंथपालांचा पदविका-वर्ग काढला. १९४५ सालीं कोल्हापूर संस्थानानें ग्रंथालयांचा कायदा केला.

औंढा तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. राज्यकारभाराची भाषा उर्दू. सभा भरविण्यासही सरकारी परवानगी लागे. त्या काळांत परभणीचें गणेश वाचनालय १९०१ सालीं आणि हैदराबादचें मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ सालीं उभें राहिलें. अशा वाचनालयांनीं केवळ पुस्तकें राखलीं नाहींत, मराठी भाषाच राखली. परंतु बडोद्यांत राजा ग्रंथालयाच्या पाठीशीं उभा होता; येथें सारा भार लोकांच्या हौसेवर आणि वर्गणीवर होता.

सप्टेंबर १९४८ मध्यें ती राजवट संपली. १९५५ सालीं हैदराबाद राज्यानें ग्रंथालयांचा कायदा केला. पुढें महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालीं झाला. १९९९ सालीं परभणींतून हिंगोली जिल्हा निराळा निघाला. औंढा आज त्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणें अनुदान मिळतें. जिल्हा ग्रंथालय संघ सेवकांसाठीं प्रमाणपत्र-वर्गही चालवितात. वाट आहे, पण ती खेड्यांतल्या सेवकाला लांबची पडते. तो बहुधा एकटाच असतो, मानधन तुटपुंजें असतें, आणि तो शिकावयास गेला तर वाचनालयाच्या दाराला कुलूप लागतें.

एके काळीं पंढरीचे नामदेव शिकण्यासाठीं औंढ्यास गेले. आज औंढ्यासारख्या गांवच्या सेवकाला शिकण्यासाठीं जिल्ह्याची वाट धरावी लागते. हा ओघ थोडा तरी उलटा वळविला पाहिजे. चार दिवसांची कां होईना, कार्यशाळा तालुक्याच्या गांवीं भरवावी. शहरांतल्या अनुभवी ग्रंथपालांनीं तेथें जाऊन आठ-दहा सेवकांना दाखल नोंद, वर्गीकरण आणि तालिका त्यांच्याच पुस्तकांवर हात ठेवून शिकवावी. आपण शहरवासी ग्रंथालयास पुस्तकांची देणगी देतों, हें चांगलेंच आहे. यापुढें एखाद्या सेवकाच्या शिक्षणाचा खर्चही आपल्या दानांत धरावा. पुस्तक एकदां दिलें कीं तें एकच राहतें. शिकलेला माणूस मात्र कपाटांतलीं सगळींच पुस्तकें वाचकांच्या हातीं पोंचवितो.