पावलाचे माप आणि पंचाची सही

1819 साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. गावातल्या चोरीचा तपास कसा चाले, हेही त्याने त्यात नोंदवून ठेवले आहे. चोरी झाली की गावचा राखणदार चोराच्या पावलांचा माग काढत निघे. माग शेजारच्या शिवेत शिरला की तो तिथल्या राखणदाराला खात्री पटवून देई आणि पावलाचे माप त्याच्या हवाली करी. तिथून पुढे जबाबदारी त्या गावाची.

पोलीस खात्यात दाखल होणाऱ्या मुलामुलींना मी ही गोष्ट आधी सांगतो. माझी बरीच नोकरी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत झाली आणि निवृत्तीनंतर मी आसनगावातच राहिलो. घटनास्थळ, पुरावा, हद्द हे सगळे इंग्रजी पुस्तकातून आले असे या मुलांना वाटते. खरे तर गुन्ह्याची जागा वाचणारी माणसे आपल्या गावांत सरकारी कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती.

आमचा हा भाग जुन्या कागदांत कोळवण म्हणून येतो. माहुलीचा डोंगर, भातसा आणि काळू या नद्या, साग-ऐनाचे जंगल, मधूनमधून ठाकूर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या वाड्या. अशा मुलखात ठाण्यात बसून तपास होत नाही. माग काढणे, शिवेचा वाद निघाला तर साक्ष देणे, बेवारस प्रेताची राखण करणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे ही कामे महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत महार वतनदारांवर होती. हद्दीचे सर्वांत बारीक ज्ञान ज्याला, त्यालाच गाव वेशीबाहेर ठेवत होते आणि रात्रंदिवसाच्या चाकरीबद्दल तुटपुंजे बलुते देत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्ध. आपल्या पोलिसी कामाचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्या श्रमाची ही बाजू प्रशिक्षणात शिकवलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

1857 नंतर कायद्यांची रांग लागली. भारतीय दंड संहिता 1860 ची, पोलीस कायदा आणि पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता 1861 ची. त्याच 1861 च्या सुरुवातीला रेल्वे आसनगाव ओलांडून कसाऱ्यापर्यंत पोचली. एका बाजूला लेखी कायदा, दुसऱ्या बाजूला लोखंडी रूळ, आणि मधे तेच जुने गाव. या गावाला नव्या यंत्रणेशी जोडण्यासाठी 1867 चा मुंबई ग्राम पोलीस कायदा आला. गावात गुन्हा घडला आणि गुन्हेगार सापडला नाही, तर पोलीस पाटलाने ठाण्याला ताबडतोब वर्दी द्यावी आणि स्वतः माहिती काढायला लागावे. संशयास्पद मृत्यू झाला किंवा प्रेत सापडले, तर गावातली किंवा शेजारची दोन किंवा अधिक समजदार माणसे जमवावीत, त्यांनी मृत्यूचे कारण तपासावे आणि लेखी अहवाल ठाण्यात पाठवावा. कायदा इंग्रजांचा असला तरी कारभार गोतसभेचा, म्हणजे गावच्या पंचायतीचा होता. मराठा काळात गोत बसे, निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि खाली पाटील नांगराची निशाणी करी. आता नांगराच्या जागी सही किंवा डाव्या हाताचा अंगठा आला.

पोलिसांवर अंकुश ठेवण्याची गरजही सरकारला तेव्हाच कळली होती. मद्रास इलाख्यात पोलीस आणि महसूल नोकर लोकांचा छळ करतात, या तक्रारींची चौकशी 1855 मध्ये झाली आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या निघाल्या. म्हणून 1861 च्या संहितेत लिहिले गेले की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. पुढे 1872 च्या पुरावा कायद्यात तेच कलम 25 झाले. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित तेवढेच बोलणे ग्राह्य, हे त्यातले कलम 27 होते. झडती घ्यायची तर त्या वस्तीतले दोन प्रतिष्ठित, निष्पक्ष रहिवासी समोर हवेत, हा नियमही त्याच विचारातला. पोलिसाच्या एकट्याच्या शब्दावर माणसाला शिक्षा होऊ नये, यासाठी पंच आहे. शिकाऊ अधिकाऱ्याच्या हे मनात पक्के बसले की पुढची अर्धी कलमे त्याला आपोआप कळतात.

एक पंचनामा सांगतो. मुरबाडच्या बाजूच्या एका वाडीत ऐन उन्हाळ्यात विहिरीत पडून एक बाई गेली. माहेरच्यांनी सासरवर संशय घेतला. वातावरण तापले होते. मी पोलीस पाटलांना म्हटले, "पाटील, पंच वाडीतलाच हवा, पण दोन्ही घरांशी लागाबांधा नसलेला." त्यांनी एका वयस्कर कातकरी बाबांना बोलावले. मी ओळख, वय, धंदा, वेळ लिहून घेतली, विहिरीच्या चतुःसीमा लिहिल्या. पूर्वेला पायवाट, पश्चिमेला भाताचे खाचर, उंबराच्या झाडापासून विहीर किती पावलांवर, मग टेपने किती मीटर. बाबा तोवर गप्प होते. मग ते काठावर वाकले आणि म्हणाले, "साहेब, इथला धोंडा आजच निखळलाय. बघा, खालची माती अजून ओली हाये. बाकीच्यांच्या खाली सुकी." हात लावून पाहिले, तसेच होते. धोंडा सुटून पाण्यात घरंगळत गेल्याची ताजी खरवड आत भिंतीवर दिसत होती आणि दोर खुंटीला तसाच गुंडाळलेला होता. हे सगळे त्यांच्या शब्दांत लिहिले, सावकाश वाचून दाखवले, "बरोबर आहे" म्हणाल्यावर अंगठा घेतला. शवविच्छेदनात झटापटीची खूण निघाली नाही. एक घर उद्ध्वस्त होता होता वाचले, ते त्या निरीक्षणामुळे.

अकस्मात मृत्यूच्या नोंदी आमच्याकडे भरपूर. आवणीच्या दिवसांत खाचरात सर्पदंश, भातसेच्या पाण्यात बुडणे, मुंबई–आग्रा रस्त्यावरचे अपघात, रुळांवरचे मृत्यू. रुळावर प्रेत सापडले की लोहमार्ग पोलीस की स्थानिक ठाणे, हा हद्दीचा प्रश्न उभा राहतो आणि तोवर नातेवाईक ताटकळतात. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळून 20 जण ठार झाले. त्यातले बरेच परप्रांतातून पोटासाठी आलेले. अशा वेळी प्रेताची ओळख, अंगावरच्या वस्तूंची यादी, खिशातला कागद हे नीट लिहिले गेले तरच घरच्या माणसांना आपला माणूस आणि भरपाई मिळते.

पोलिसांच्या अधिकाराची दुसरी बाजूही याच मातीत घडली. 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात आझाद दस्ता या क्रांतिकारक गटाचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. वीजवाहिनीचे मनोरे पाडून युद्धकाळातल्या सरकारला त्यांनी हादरवले होते. पोलिसांकडे त्या दिवशी बंदूक होती, हुकूम होता. लोकांची मान्यता मात्र नव्हती. दर 2 जानेवारीला लोक सिद्धगडावर जमून हुतात्म्यांना मानवंदना देतात. गणवेश घालणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तिथे जावे.

स्वातंत्र्यानंतर वंशपरंपरेची पाटीलकी गेली. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील नेमणुकीने येऊ लागला आणि आज कितीतरी गावांत बायका हे काम नेटाने करतात. पण पंचाच्या बाबतीत आपण घसरलो. ठाण्याच्या आसपासचा चहावाला, ओळखीचा रिक्षावाला असे ठरलेले पंच, कोऱ्या कागदावर आधी घेतलेल्या सह्या, ठाण्यात बसून लिहिलेले घटनास्थळ. उलटतपासणीत वकील विचारतो, "उंबर कोणत्या बाजूला होता?" आणि पंच गप्प. त्याला आपण फितूर म्हणतो. जो तिथे गेलाच नव्हता, तो काय सांगणार? दुसरीकडे जो खरोखर हजर असतो, त्याचा रोज बुडतो, तारखांना स्वतःच्या पैशाने जावे लागते आणि कोर्टाच्या आवारात त्याला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडती-जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करायचे आहे. सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येणे राज्ये टप्प्याटप्प्याने बंधनकारक करणार आहेत. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवणे कायद्यातच आले. हद्दीचे निमित्त सांगून फिर्यादीला परत पाठवण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. दोनशे वर्षांपूर्वीचा राखणदार जसा माप हवाली करी, तसेच हे आहे: आधी नोंद, मग हद्द. चित्रीकरणाचे मी मनापासून स्वागत करतो. पण धोंड्याखालची माती ओली आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही. तो जिकडे धराल तिकडचेच दाखवतो. कुठे पाहायचे हे तिथल्याच माणसाला माहीत असते, म्हणून दोन पंचांची अट नव्या संहितेतही कायम आहे.

नाशिकच्या पोलीस अकादमीत जाणारी मुले आमच्याच रेल्वेने, आसनगावावरून कसारा घाट चढून जातात. 1909 पासून तिथे फौजदार घडत आले आहेत. या मुलांना माझे सांगणे एवढेच: पंच त्याच वस्तीतला घ्या. पंचनामा जागेवर लिहा. तो वाडीच्या बोलीत वाचून दाखवा आणि पंचाने "हे असे नाही" म्हटले तर ते बदलून मगच सही घ्या. कोर्टाची तारीख त्याला स्वतः कळवा, भत्ता मिळवून द्या, बसायला खुर्ची द्या. अटकेचा, झडतीचा, जप्तीचा अधिकार तुम्हाला कायद्याने दिला आहे, पण तो न्यायालयात उभा राहतो या माणसाच्या साक्षीवर. त्याचा मान राखा.