केनियांतील वृक्षसेवकांची हकीकत

झाड लावणें व झाड जगविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस घटकाभर वेळ पुरतो. दुसरीस वर्षें लागतात. लोकांनीं स्वेच्छेनें एकत्र येऊन वृक्ष लावण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. परंतु हा भेद ज्यांनीं ओळखला त्यांचेंच कार्य टिकलें, असें आम्हांस वाटतें. यासाठीं पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १९२२ मध्यें त्या देशावर इंग्रजांचा अंमल होता. जंगलखात्यांतील रिचर्ड सेंट बार्ब बेकर या अधिकाऱ्यानें किकुयू लोकांस वृक्षारोपणाची विनंती केली, तेव्हां तें तर देवाचें काम, असें उत्तर त्यास मिळालें. या लोकांत पेरणीस नृत्य असे, कापणीसही असे. मग वृक्षांसाठीं कां नसावें, असा विचार करून त्यानें जोसिया न्जोन्जो या नायकाच्या साहाय्यानें ‘वृक्षनृत्य’ भरविलें. तेथें जमलेल्या तरुणांतून स्वयंसेवक निवडण्यांत आले. त्यांस ‘वातू वा मिती’, म्हणजे वृक्षांचे लोक, असें नांव पडलें. दरसाल १० झाडें लावावीं व सर्वत्र वृक्षांचा सांभाळ करावा, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. तींत लागवडीबरोबर सांभाळही होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

केनिया १९६३ सालीं स्वतंत्र झाला. चहा-कॉफीच्या मळ्यांसाठीं झाडी तुटत गेली होती. ओढे आटले, सरपणासाठीं स्त्रियांस दूरवर चालावें लागे. हीं गाऱ्हाणीं वांगारी मथाई या विदुषीनें ऐकिलीं. या बाई न्येरी भागांत १९४० सालीं जन्मल्या, कॅथॉलिक धर्मभगिनींच्या शाळांत शिकल्या, आणि अमेरिकेंतील ॲचिसन येथें बेनेडिक्टाइन भगिनींच्या कॉलेजांतून १९६४ सालीं पदवीधर झाल्या. वृक्षारोपणाचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. मग ५ जून १९७७ रोजीं राष्ट्रीय महिला मंडळाच्या आश्रयानें त्यांनीं नैरोबींत ७ झाडें लाविलीं. ‘हरित पट्टा’ चळवळीचा आरंभ तो हाच.

खेड्यापाड्यांतील स्त्रिया गट करून आसपासच्या झाडांचें बीं गोळा करीत व फुटक्या भांड्यांतून, डब्यांतून रोपें वाढवीत. शिकलेले वनाधिकारी प्रथम साशंक होते. या स्त्रियांस त्यांतलें शास्त्र काय कळणार, असें त्यांस वाटे. पण बीं रुजविण्याची विद्या त्यांस शेतानेंच शिकविली होती. खरी खुबी मोबदल्यांत होती. जें रोप जगे त्याचेच, अमेरिकन चलनांत सुमारें ४ सेंट इतके, अल्प पैसे मिळत; मेलेल्या रोपाचे कांहीं नाहीं. त्यामुळें खड्डा खणून घरीं परतणें कोणासच परवडेना. पाणी घालणें व गुरांपासून राखणें हें नित्याचें काम होऊन बसलें.

सांभाळाची याहून कठीण कसोटी पुढें आली. नैरोबी येथील करुरा अरण्याची जमीन बांधकामासाठीं वांटून टाकण्याचा घाट घातला गेला. जानेवारी १९९९ मध्यें मथाईबाई तेथें झाड लावण्यास गेल्या असतां भाडोत्री लोकांनीं हल्ला केला, व त्यांच्या डोक्यास जखम झाली. तरी त्या हटल्या नाहींत, अरण्य वांचलें. २००४ सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, तोंवर चळवळीनें सुमारें ३ कोटी झाडें लाविलीं होतीं. २०११ सालीं त्या निवर्तल्या.

आपल्या देशांतही १९५० पासून जुलै महिन्यांत वनमहोत्सव होतो. पहिल्या पावसांत कुदळी-फावडीं निघतात, उत्साहास तोटा नसतो. परंतु केनियांतील स्त्रियांचा धडा आम्हांस मोलाचा वाटतो. रोपांची गणना लागवडीच्या दिवशीं करूं नये. दोन उन्हाळे लोटल्यावर करावी. पावसाळ्यांत फावडें धरणारे हात पुष्कळ असतात. वैशाखांत घागर घेऊन येणारे थोडे. झाडें जगतात तीं या थोड्यांच्या बळावर.